पुढच्याची पाठ

"फोन फ्रीजमध्ये ठेव," इरफान म्हणाला.

"गप रे."

"खरंच सांगतोय. बर्फाच्या कप्प्यात ठेव थोडा वेळ, मग दाखव त्याला. तापायच्या आत शर्यत संपंल."

आणि मी ठेवला. काय करणार! सांगलीत एका हळदीच्या वखारीवर दोन खोल्यांचं आमचं ऑफिस होतं. चहाच्या दुधासाठी घेतलेला एक बुटका फ्रीज होता, आणि त्या फ्रीजमध्ये आमचं दोन वर्षांचं काम गार होत पडलं होतं.

काम म्हणजे होड्यांच्या शर्यतीचा मोबाइल गेम. आमच्या कृष्णेत ऑगस्टमध्ये शर्यती होतात. लांबच लांब होड्या, दोन्ही बाजूंना वल्हवणारे गडी, आणि पुलावर, घाटावर, झाडांवरसुद्धा माणसं. पुण्यातली नोकरी सोडून मी हा गेम करायला गावी परत आले होते. इरफान मुजावर मिरजेचा, कॉलेजपासूनचा मित्र. गेमची सगळी यंत्रणा आणि आवाज त्याचे, चित्रं माझी. आणि चित्रं म्हणजे मुख्यतः पाणी. पुलावर उभं राहून मी त्या नदीचे इतके फोटो काढले होते की भेळवाला मला सरकारी खात्यातली समजायचा. सकाळचं पाणी, गढूळ पाणी, वल्हं बसल्यावर फुटणारं पाणी. खोटी नम्रता कशाला दाखवू? माझं पाणी फार सुंदर होतं.

मुंबईहून नचिकेत राजाध्यक्ष आला. ज्या कंपनीनं आमच्या गेममध्ये पैसे घातले होते, तिच्याकडून आमचं काम बघणारा माणूस. पांढराशुभ्र शर्ट घालून आला आणि जिना चढेपर्यंत खांद्यावर पिवळा झाला. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचं असंच व्हायचं. इरफाननं गंभीर चेहऱ्यानं फ्रीज उघडला आणि त्याच्या हातात फोन ठेवला.

"याला घाम का आलाय?" नचिकेतनं विचारलं.

"दमट हवा हाय," इरफान म्हणाला.

शर्यत सुरू झाली. पुलावरून दिसते तशी सगळी नदी पडद्यावर पसरली. नचिकेतच्या तोंडून "वा" निघालं आणि मी मनात हुश्श केलं. पण वळणापर्यंत होडी गेली आणि फोन तापला. तापला की चित्र अडखळायचं, चित्र अडखळलं की वल्ह्याचा ठेका चुकायचा, आणि ठेका चुकला की खेळणाऱ्यानं काहीही केलं तरी होडी मागं पडायची. त्याची होडी मागं पडली. त्यानं फोन टेबलावर ठेवला आणि हात शर्टाला पुसला.

"पाणी मस्त आहे, शर्वरी. पण मस्त आता पुरत नाही." त्यानं स्वतःच्या फोनवर एक ट्रेलर लावला. एक बडी कंपनी दिवाळीला बोटींच्या शर्यतीचाच गेम आणत होती. लाटा अशा, की आपण डोळे मिटून घ्यावेत. "यांच्याकडे नुसत्या पाण्यावर जेवढी माणसं बसलीत..."

"तेवढी आमच्या गल्लीत न्हाईत," इरफाननं वाक्य पुरं केलं.

"चेष्टा नाही करत मी. ॲपच्या दुकानात गेम शोधणारा माणूस चित्राकडे बघतो, आवडलं तर उतरवून घेतो, नाही तर अंगठा पुढे. तेवढ्या क्षणासाठी लोक कोट्यवधी ओततात. मी तरी काय करू? पुढच्या महिन्यात आमच्या कंपनीच्या प्रमुख, सबनीस मॅडम, स्वतः बघणार आहेत. पाणी याच्या तोडीचं दिसलं तर पूर्ण बजेट मिळेल. नाही दिसलं तर त्या प्रोजेक्ट बंद करतील. मी खूप भांडलोय तुमच्यासाठी, आता माझ्या हातात नाही."

बंद म्हणजे ऑफिस जाणार. इरफान मामाच्या दुकानात तंबोऱ्याच्या तारा विकत बसणार आणि मी पुण्यात परत दुसऱ्यांच्या गाड्यांच्या जाहिराती रंगवणार. मला नचिकेतचा राग आला नाही. तो खरं बोलत होता, त्याचा आला.

"ठीक आहे," मी म्हटलं. "दाखवते पाणी."

घरी गेले ते तणतणतच. आण्णा, म्हणजे माझे वडील, सोप्यात बसून वल्ह्याला तेल लावत होते. तरुणपणी मंडळाच्या होडीत वल्हवलेलं, आता पोरांना शिकवायचे, आणि सरावाला एखादा गडी कमी पडला की स्वतः बसायचे.

"काय झालं गं तोंड फुगवायला?"

"पाणी जमत नाही."

"पाणी काय जमवायचं असतंय व्हय? कोयनेतनं सोडलं की येतंय."

आई आत हसली. मी हसले नाही. "आण्णा, पुलावरून बघून झालं सगळं. मला पाण्याच्या अंगाला जाऊन बघायचंय. उद्या सरावाच्या होडीत मला बसवा. कडेला बसून मोबाइलवर फोटो काढीन, कुणाला त्रास देणार नाही."

आण्णांनी वल्हं बाजूला ठेवलं. "होडीत बसलेलं माणूस वल्हं मारतंय. बघणाऱ्यांसाठी पूल बांधून ठेवलाय."

"मग वल्हं मारीन."

"तू?"

"का? माझे हात काय केळीचे आहेत?"

आतून आई म्हणाली, "न्या की हो तिला. एवढी चार वर्षांची असल्यापासनं पुलावर माझ्या कडेवर बसून ओरडतीया."

ते खरं होतं. शर्यत मी आयुष्यभर पुलावरूनच बघितली होती. पोरीला होडीत बसवायचा विचार कुणाच्या मनात यायचा नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही कधी आला नव्हता. आण्णा थोडा वेळ माझ्या हाताकडं बघत राहिले. मग म्हणाले, "सकाळी लवकर ये. पोटभर खाऊन येऊ नकोस."

घाटावर पोरं आधी खुदुखुदु हसली. मी कपाळाला छोटा कॅमेरा बांधला होता, त्याला आणखी हसली. "ताई, हेडलाइट लागत न्हाई का?" एकानं विचारलं. आण्णांनी एकदाच मागं बघितलं आणि सगळे गप्प झाले. मला त्यांनी आपल्या बरोबर मागं बसवलं. सदरा काढला, घडी करून गुडघ्याखाली घेतला आणि वल्हं उचललं.

"हैय्या!"

होडी सुटली आणि मी पाणी बघायला लागले. त्याचसाठी आले होते ना! डावीकडं मान वळवली तेवढ्यात माझं वल्हं शेजारच्या पोराच्या वल्ह्यावर खाडकन आपटलं. पुन्हा वळवली, पुन्हा आपटलं. होडी वेडीवाकडी झाली. शेजारचा पोरगा मला शिवी देणार होता, ती माझ्या बापाकडं बघून त्यानं गिळली.

"पाणी बघू नको!" आण्णा मागं न वळता ओरडले. "म्होरल्याची पाठ बघ! पाठ गेली की तू जा. पाठ आली की तू ये. दुसरं काय बघायचं न्हाई!"

इतका राग आला मला! मी पाण्यासाठी आले, आणि हा माणूस म्हणतोय पाणी बघू नको. पण हात भरून आले होते, श्वास पुरत नव्हता, वाद घालायला तोंडात थुंकी नव्हती. मी समोरची पाठ बघायला लागले.

पाठ खाली गेली, मी गेले. पाठ वर आली, मी आले. खांद्याचं हाड उजवीकडं सरकलं की वल्हं पाण्यात. मानेखालचा घाम एका जागी थबकला की वल्हं बाहेर. पूर आला त्या वर्षी पत्रा लागून झालेला लांबडा व्रण त्या पाठीवर होता, आणि प्रत्येक ओढीला तो ताणला जायचा आणि सैल पडायचा. थोड्या वेळानं मला आपटाआपट ऐकू येईनाशी झाली. सगळ्या होडीचा एकच आवाज यायला लागला. पूल डोक्यावरून कधी गेला मला कळलंही नाही. मला रडू आलं, आणि ते दमल्यामुळं नव्हतं. इतका आनंद मला त्या दोन वर्षांत एकदाही झाला नव्हता.

घाटाला लागल्यावर आण्णांनी सदरा चढवला. "मिळालं का तुझं पाणी?"

मी म्हटलं, "नाही."

ऑफिसात इरफाननं कॅमेऱ्यातलं चित्रण लावलं. शेवटपर्यंत बघितलं, पुढं ढकलून बघितलं, मागं नेऊन बघितलं.

"पाणी कुठाय?"

"कोपऱ्यात जरा जरा आहे."

"शर्वरे, ह्यात नुसती पाठ हाय."

"तेच सांगतेय. इरफ्या, आपण दोन वर्षं पुलावरून खेळ करत बसलो. वल्हवणाऱ्याला पाणी दिसतच नाही. कॅमेरा खाली होडीत आणायचा. समोर पाठ, बस्स. पाठीवरून ठेका धरायचा."

"आणि पाणी?"

"काढून टाकायचं."

तो खुर्चीवरून उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. "डोकं फिरलंय तुझं. मॅडम येणार कशाला? पाणी बघायला. तू काय दाखवणार? पाठ! साबणाची जाहिरात हाय व्हय? दुकानात चित्र काय लावायचं, सांग की!"

"ते मला माहीत नाही अजून."

"नचिकेत मरंल ऐकून."

"त्याला सांगायचंच नाही. सांगितलं तर मॅडमना आणायचाच नाही तो."

"आणि बंद पाडला तर?"

"पाण्यावरून तर पडणारच आहे बंद! त्यांच्यासारखं पाणी करायला आपल्याला सात जन्म लागतील. आणि केलंच, तर चालणार कुठल्या फोनवर? फ्रीजातल्या?"

तो परत खुर्चीवर टेकला. मग हळूच म्हणाला, "पाणी तू केलंयस. तूच काढ. मी हात न्हाई लावणार."

मी काढलं. एकेक लाट, एकेक चमक, पुलाची सावली, सकाळचं धुकं. काढताना ढसाढसा रडले, इरफाननं निमूटपणे चहा आणून ठेवला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मग मी डोळे पुसले आणि पाठ करायला घेतली. फोनची जी ताकद सगळी नदी गिळत होती, ती आता एका पाठीला मिळाली. खांद्याचं हाड, मानेचा ताण, घामाचा थेंब, दमलेल्या माणसाचा श्वास. जेवढं मला येत होतं तेवढं सगळं मी त्या पाठीत घातलं. इरफाननं वल्ह्याचा आवाज नव्यानं बांधला आणि प्रत्येक ओढीला फोन हातात हलका थरथरेल असं केलं. आणि एका दुपारी त्यानं मामीचा तडा गेलेला जुना फोन आणला, शर्यत लावली, पहिली, दुसरी, तिसरी. मग फोन माझ्या गालाला लावला.

"गार हाय," तो म्हणाला, आणि लहान पोरासारखा हसला.

मुंबईच्या ऑफिसात सबनीस मॅडम वेळेवर आल्या. पन्नाशीच्या, बारीक केस, हातात एकच काचेची बांगडी. नचिकेतनं भला मोठा पडदा लावून ठेवला होता पाणी दाखवायला. मी मामीचा फोन मॅडमच्या हातात दिला.

"हा कुणाचा?"

"याच्या मामीचा. जे आमचा गेम खेळणार त्यांच्याकडं असलाच फोन असतो."

नचिकेत माझ्याकडं बघायला लागला. मॅडमनी शर्यत सुरू केली. समोर पाठ आली. त्यांनी बोटानं चित्र वळवायचा प्रयत्न केला, ते वळेना. होडी तिरकी गेली, हरली.

"पाणी दिसत नाहीये."

"नाही," मी म्हटलं.

"मला पाणी बघायला बोलावलं होतं."

"मॅडम, मलाही हे..." नचिकेतचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाईट वाटलं त्याचं. पण मागं हटायची वेळ गेली होती.

"पाठीकडं बघा मॅडम," मी म्हटलं. "दुसरं काही बघू नका."

त्यांनी परत लावली. आधी ओठ घट्ट मिटून. मग त्यांचा अंगठा पाठीबरोबर जायला लागला, मग खांदे, मग ती बांगडी टेबलावर ठेक्यात वाजायला लागली. थोडक्यात हरल्या. "शी!" म्हणाल्या आणि कुणाला न विचारता तिसऱ्यांदा लावली. जिंकल्यावर त्यांनी फोन खाली ठेवला आणि चष्मा काढला.

"खेळ चांगला आहे. आता विकायचा कसा ते सांग. मी जेव्हा मोठं बजेट देते तेव्हा चित्र लांबून ओरडलं पाहिजे. हे ओरडत नाही."

इरफाननं माझ्याकडं बघितलं. साबणाची जाहिरात. पण तोवर मला उत्तर सापडलं होतं. "बाहेर पुलावरचं पाणी लावा. माझ्याकडं आहे ते सगळं. ट्रेलर पुलावरून सुरू होऊ दे आणि कॅमेरा खाली होडीत येऊ दे. आमच्या गावातही माणूस आधी पुलावरूनच बघतो."

"आणि चेहरा? एखादा नट घेऊ, होडीचा कप्तान म्हणून. मागे वळून बघेल, दोन वाक्यं बोलेल."

"मागं वळून बघणाऱ्याची होडी हरते."

मॅडम हसल्या. मग हसू आवरून सरळ बोलल्या. "हे बघ. पाणी परत आण, नटाला हो म्हण, मी हा गेम दिवाळीला मोठा म्हणून काढते. पूर्ण बजेट, गावोगाव जाहिराती. असाच ठेवायचा असेल तर पैसे एक तृतीयांश आणि जाहिरात नाही. आपल्या पायानं चालला तर चालला. आत्ता सांग."

नचिकेतनं डोळ्यांनी मला विनवलं, घे गं बाई, घे. मी इरफानकडं बघितलं. त्यालाही घर होतं, लग्न ठरलं होतं. तो म्हणाला, "माझ्याकडं काय बघतीस? म्होरं बघ की."

"असाच ठेवायचा," मी म्हटलं.

आता वाटतं, गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. कारण त्या बड्या कंपनीचा गेम दिवाळीत असा उसळला की विचारू नका. चौकाचौकात फलक, पोराटोरांच्या तोंडी तेच. त्यांनी अमाप कमावलं, आणि त्यांचं पाणी खरंच देखणं होतं, मी स्वतः खेळले. पैसा आणि चमक काही करत नाहीत असं मला कुणी म्हटलं की मी त्याला वेड्यात काढते. आमचा गेम त्यांच्याआधी गणपतीत निघाला होता, तो मात्र हळूहळू चालला. आधी सांगली, मग कोल्हापूर. मग कुठून कुठून, केरळातून, आसामातून, बांगलादेशातून, जिथं जिथं नदी आहे आणि नदीत होड्या पळतात तिथून, जुने फोन असलेली माणसं येत गेली आणि आली ती राहिली. ऑफिस बंद पडलं नाही. इरफानचं लग्न झालं. खालची हळद अजून आमच्या कपड्यांवर बसते.

पण मला सांगायचं आहे ते गेम निघाला त्या दिवसाचं. दुपारी मी घरी गेले, आण्णांच्या हातात फोन दिला. आई पोळ्या लाटायची थांबून दारात आली.

आण्णांनी फोन जरा लांब धरला. शर्यत सुरू झाली, आणि पहिल्याच ओढीला त्यांचा अंगठा बरोबर बसला. दुसऱ्यालाही. अर्ध्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हा म्होरं कुणाला बसवलायस?"

"का? काय झालं?"

"डावा खांदा टाकतोय की गडी! मी असतो तर खाली उतरवला असता घाटावर."

आई खुदकन हसली. पदर तोंडाला लावून हसतच राहिली. आण्णा वैतागले. "हसायला काय झालं तुला?"

"अहो," आई म्हणाली, "एवढी वर्षं तेल चोळतीया मी त्या खांद्याला. तुमचीच पाठ हाय ती."

आण्णांचा अंगठा थांबला. पडद्यावर होडी भरकटली, मागं पडली, हरली. त्यांनी डावा हात खांद्यावरून मागं नेला आणि सदऱ्याच्या आतून, बोटांनी चाचपत, तो व्रण शोधला. सापडल्यावर हात तिथंच ठेवला.

मग उजव्या हातानं फोन माझ्यापुढं केला.

"परत लाव," म्हणाले.